न्यूट्रिनो दुर्बीण: पाण्यात की बर्फात?

प्रश्न असा आला आहे: "हवाईजवळच्या समुद्रातली ड्युमांड दुर्बीण बुडाली, दक्षिण ध्रुवावरची आइसक्यूब मात्र छान चालली. मग आता भूमध्य समुद्रात पुन्हा तोच खटाटोप कशासाठी? पैसे पाण्यातच घालायचे आहेत का?"

शेवटच्या वाक्याला आधी उत्तर देतो. ड्युमांडचे पैसे अक्षरशः पाण्यात गेले हे खरे, पण कल्पना चुकली म्हणून नव्हे. ती दुर्बीण गेली गळतीपायी. माझी बरीच वर्षे काचेच्या गोळ्यांत प्रकाशगुणक नळ्या (अगदी क्षीण उजेडही टिपणाऱ्या नळ्या) बसवण्यात, ते गोळे दाबाच्या टाकीत घालून तपासण्यात आणि पुढे त्यांच्याकडून येणाऱ्या वेळांचे आकडे जुळवण्यात गेली. त्यामुळे या इतिहासाकडे मी थोडा मिस्त्रीच्या नजरेनेच बघतो, हे आधी सांगून ठेवतो.

तत्त्व फार अवघड नाही. न्यूट्रिनो हा एक मूलभूत कण. त्याच्यावर विद्युतभार नसतो, चुंबकीय क्षेत्र त्याला वळवू शकत नाही आणि वाटेतले वायू-धुळीचे ढग त्याला अडवत नाहीत. दूरच्या एखाद्या दीर्घिकेतून निघालेला न्यूट्रिनो सरळ रेषेत आपल्यापर्यंत येतो. पण जो कशालाच जुमानत नाही तो आपल्या उपकरणालाही जुमानत नाही. क्वचित एखादा अणुकेंद्रावर आदळतो. त्यातून म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, निघाला तर तो मूळ न्यूट्रिनोच्याच दिशेने, ऊर्जा भरपूर असेल तर कित्येक किलोमीटर धावतो. पाण्यात प्रकाशाचा वेग कमी होतो, म्युऑन त्याच्याही पुढे असतो, आणि त्याच्यामागे साधारण ४१ अंशांच्या शंकूत निळसर चेरेन्कॉव्ह प्रकाश पसरत जातो. हा प्रकाश कुठल्या नळीला किती वाजून किती नॅनोसेकंदांनी दिसला हे कळले की म्युऑनची वाट काढता येते.

वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या एका खाणीत सापडले होते. पण अंतराळातून येणाऱ्या मोजक्या न्यूट्रिनोंसाठी घन किलोमीटरच्या मापाचे उपकरण लागते, आणि एवढी पोकळी जमिनीखाली कोणी खणू शकत नाही. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ मॉइसेई मार्कोव्ह यांनी १९६० मध्येच सुचवले होते की उपकरणे खोल तळ्यात किंवा समुद्रात सोडा. म्हणजे टाकीही निसर्गाची, तिच्यातले पाणीही त्याचेच आणि वरून येणाऱ्या कणांना अडवणारे छतही त्याचेच. आपण फक्त डोळे टांगायचे. ऐकायला हे स्वस्त वाटते, पण फुकट मिळालेले पाणी आपल्याला हवे तसे नसते. पुढच्या साठ-पासष्ट वर्षांतले निम्मे काम कण शोधण्याचे नव्हे, पाणी आणि बर्फ समजून घेण्याचे झाले आहे.

ड्युमांडची आखणी १९७० च्या दशकात सुरू झाली. पहिला आराखडा घन किलोमीटरहून मोठा होता, त्यात बावीस हजारांवर प्रकाशग्राहक (नळी बसवलेले काचेचे गोळे) होते. पैशाचा आणि तंत्राचा हिशेब होत गेला तसा तो आकसला, आणि शेवटी गोळे टांगलेल्या नऊ दोऱ्या आणि २१६ ग्राहक एवढ्यावर आला. १९८७ मध्ये जहाजावरून सात ग्राहकांची एक छोटी दोरी सोडून खोलीनुसार म्युऑन कसे कमी होतात हे मोजले गेले. तोवर सगळे ठीक होते. डिसेंबर १९९३ मध्ये सुमारे ४,८०० मीटर खोलीवर पहिली खरी दोरी आणि किनाऱ्याकडच्या केबलची जोडपेटी उतरवली. काही तासांतच पाणी आत शिरले आणि दोरी मुकी झाली. ती वर काढून दुरुस्त करायची तर पुन्हा जहाज, पुन्हा शांत समुद्राची वाट, पुन्हा निधी. १९९५ च्या सुमारास अमेरिकी सरकारने हात आखडता घेतला आणि प्रकल्प संपला.

४,८०० मीटरवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ४८० किलोंचा भार असतो. काचेचा गोळा हा भार बिनतक्रार सोसतो, कारण गोल आकारावर दाब सगळीकडून सारखा पडतो. फसते ते काचेला भोक पाडून तार जिथे बाहेर काढतो ते ठिकाण. आमच्याकडे एकदा एक जोडणी दाबाच्या टाकीत तीन वेळा उत्तीर्ण झाली आणि चौथ्या वेळी तिचा विद्युतरोध घसरायला लागला. उघडून पाहिले तर रबरी ओ-रिंगच्या खाचेत एक केस आडवा पडलेला. आत थेंबभरही पाणी नव्हते, नुसती ओल होती. पण ओल खाऱ्या पाण्याची, तेवढी पुरते. जोडणी बनवणाऱ्यांचे दाबाचे प्रमाणपत्र अगदी खरे होते. ती बसवताना डोक्याला टोपी न घालणारा माणूस आमचाच होता. अशा शेकडो जोड्या एका दोरीवर असतात, आणि मालिकेतली एक गेली की तिच्या खालचे सगळे गप्प होते. पुढच्या पिढीने धडा घेतला तो इथून.

सायबेरियातल्या बैकल सरोवरात दुर्बीण उभारणाऱ्यांनी हा प्रश्न जवळपास हसतहसत सोडवला. हिवाळ्यात बैकल सरोवरावर मीटरभर जाडीचा बर्फ धरतो. त्यावर गाड्या जातात, विंच उभे राहतात, बर्फाला भोक पाडून दोरी सावकाश खाली सोडता येते. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यांचा हंगाम. दरवर्षी बिघडलेली दोरी वर ओढायची, बर्फावरच दुरुस्त करायची आणि परत सोडायची. जहाज नाही, लाटा नाहीत. १९९३ मध्ये त्यांनी ३६ ग्राहकांचे एनटी-३६ बसवले आणि १९९८ पर्यंत १९२ ग्राहकांचे एनटी-२०० उभे केले. सोव्हिएत संघ मोडल्यानंतरच्या ओढाताणीच्या काळात हे झाले, आणि माझ्या मते या कामाचे जेवढे कौतुक व्हायला हवे होते तेवढे झाले नाही. पाण्याखाली खालून वर येणारे न्यूट्रिनो दिसू शकतात हे त्यांनीच आधी दाखवले. उणीव एकच: बैकलच्या पाण्यात प्रकाश वीस-पंचवीस मीटरमध्येच बराचसा शोषला जातो, त्यामुळे ग्राहक दाट लावावे लागतात. आता तिथेच बैकल-जीव्हीडी नावाची बरीच मोठी दुर्बीण समूहासमूहाने वाढते आहे.

आता बर्फ. दक्षिण ध्रुवावर जवळपास तीन किलोमीटर जाडीचा बर्फ आहे, जहाजासारखा न डुलणारा, वर एक चालते संशोधन केंद्र. गरम पाण्याने भोक पाडायचे, दोरी सोडायची आणि पाणी गोठू द्यायचे. आइसक्यूबच्या आधीच्या अमांडा दुर्बिणीच्या मंडळींनी १९९३-९४ च्या उन्हाळ्यात ८०० ते १,००० मीटर खोलीवर चार दोऱ्या पुरल्या आणि त्यांना एकाच वेळी एक चांगली आणि एक वाईट बातमी मिळाली. चांगली ही की निळा प्रकाश त्या बर्फात शंभर मीटरहून जास्त जातो, प्रयोगशाळेतल्या बर्फावरून कोणी इतकी अपेक्षा केली नव्हती. वाईट ही की तो सरळ जातच नाही. हजारो वर्षांपूर्वी बर्फ साचताना अडकलेले हवेचे बुडबुडे तिथे अजून शिल्लक होते, आणि प्रकाश मीटरभरही न जाता दिशा बदलत होता. धुक्यात दिवा लावावा तसे. उजेड सगळीकडे, पण तो कुठून आला हे सांगता येत नाही.

उपाय होता आणखी खोल जाण्याचा. साधारण १,४०० मीटरच्या खाली दाब इतका वाढतो की बुडबुड्यातली हवा बर्फाच्याच स्फटिकांत शिरते, आणि त्या नव्या स्फटिकांचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) बर्फाच्या जवळपास असतो. प्रकाशाच्या दृष्टीने बुडबुडा नाहीसा होतो. अमांडाच्या पुढच्या दोऱ्या १,५०० ते २,००० मीटरवर गेल्या, २००० पर्यंत १९ दोऱ्यांवर ६७७ ग्राहक झाले, आणि वातावरणातले न्यूट्रिनो व्यवस्थित मोजले गेले. आइसक्यूबच्या दोऱ्या १,४५० मीटरपासून सुरू होतात त्याचे कारण या बुडबुड्यांत आहे.

आइसक्यूबची पहिली दोरी जानेवारी २००५ मध्ये गेली आणि शेवटची १८ डिसेंबर २०१० रोजी. ८६ दोऱ्या, प्रत्येकीवर ६० ग्राहक, एकूण ५,१६०. दोन दोऱ्यांत साधारण १२५ मीटर आणि एकाच दोरीवरच्या दोन ग्राहकांत १७ मीटर अंतर. ध्रुवावर काम करता येते ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यामुळे सात हंगाम लागले. एक भोक म्हणजे साठेक सेंटिमीटर रुंद आणि अडीच किलोमीटर खोल विहीरच. नव्वद अंशांच्या आसपास तापलेले पाणी नळीतून खाली मारत राहायचे, वितळलेले पाणी वर ओढून पुन्हा तापवायचे, असे रात्रंदिवस. तिथे त्या दिवसांत रात्र नसतेच म्हणा. नळी वर आली की घड्याळ सुरू होते, कारण भोक कडेने गोठायला लागलेले असते. एकेक गोळा केबलला अडकवायचा, जोडणी तपासायची, १७ मीटर सोडायचे, पुढचा गोळा. शेवटचा गोळा खाली गेल्यावर पाणी हळूहळू गोठते, आणि गोठताना दाब पाण्याच्या स्तंभाच्या दाबापेक्षाही वर चढतो. त्यातून वाचलेला गोळा मग कोणाच्या हाती पुन्हा कधीच लागत नाही.

म्हणूनच बसवण्यापूर्वी प्रत्येक गोळा काळ्याकुट्ट शीतगृहात उणे चाळीस अंशांच्या खाली आठवडेच्या आठवडे चालवून पाहिला जाई. बिघडायचे असेल तर इथेच बिघड, हा हिशेब. त्याचे फळ असे की इतक्या वर्षांनंतरही ९८ टक्क्यांच्या आसपास ग्राहक काम देताहेत. आणखी एक शहाणा निर्णय म्हणजे नळीतून येणारा संकेत गोळ्यातच अंकीय करून वर पाठवणे. अमांडात तो तारेतून तसाच वर यायचा आणि दोन किलोमीटरच्या प्रवासात पसरून जायचा.

बर्फ दुरुस्त करता येत नाही, तो फक्त समजून घेता येतो. आइसक्यूबच्या प्रत्येक गोळ्यात १२ छोटे एलईडी आहेत. एकातून निळी चमक सोडायची आणि शेजारच्यांना ती किती वेळाने, किती प्रमाणात दिसते ते मोजायचे. त्यातून कळले की २,००० मीटरच्या थोडे खाली धुळीचा एक जाड थर आहे आणि तिथे प्रकाश फारसा तग धरत नाही. शिवाय प्रकाश सगळ्या दिशांना सारखा पसरत नाही, बर्फ ज्या दिशेने सरकतो त्या दिशेला तो जास्त पोचतो. आधी आकडे चुकले असतील असे वाटले. नंतर उलगडा झाला तो बर्फाच्या स्फटिकांतून होणाऱ्या दुहेरी अपवर्तनाचा, कारण प्रवाहामुळे स्फटिकांची ठेवण एका विशिष्ट रीतीची झालेली असते. डिटेक्टर बांधायला सात हंगाम लागले, त्यातला बर्फ कळायला त्याहून जास्त वर्षे गेली आणि काम अजून चालूच आहे.

पाणी की बर्फ याचे खरे उत्तर नॅनोसेकंदांत आहे. म्युऑन एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. १२५ मीटर अंतरावरच्या दोन दोऱ्यांमध्ये त्याला सुमारे ४१७ नॅनोसेकंद लागतात. घड्याळे दोन-तीन नॅनोसेकंदांत जुळलेली असतील तर चूक मीटरच्या आतबाहेर राहते, दिशा उत्तम निघायला हवी. पण मधल्या बर्फात प्रकाश चार वेळा वळला तर तो कितीतरी उशिरा पोचतो, आणि हा उशीर घड्याळाच्या चुकीच्या अनेक पट असतो. समुद्राच्या पाण्यात शोषण बर्फापेक्षा जास्त, प्रकाश साठेक मीटरमध्ये बराच ओसरतो. पण विखुरणे खूपच कमी. जो पोचतो तो सरळ आणि वेळेवर पोचतो. त्यामुळे लांब वाटेच्या म्युऑनची दिशा बर्फात अर्ध्या अंशाच्या आसपास, तर समुद्रात एक दशांश अंशापर्यंत नेता येते. उलट ऊर्जा मोजायची असेल तर बर्फ चांगला, कारण प्रकाश जास्त दूर जातो आणि एकूण उजेड चांगला गोळा होतो.

समुद्राचे आणखी दोन त्रास आहेत. खाऱ्या पाण्यातले पोटॅशियम-४० किरणोत्सारी आहे, त्याच्या क्षयातून सतत क्षीण उजेड निघतो. भूमध्य समुद्रातल्या अँटारेस दुर्बिणीत एकेका मोठ्या नळीला नुसत्या या पार्श्वभूमीचे सेकंदाला पन्नास-साठ हजार ठोके पडत. बर्फात हाच आकडा पाचशेच्या आसपास. दुसरा त्रास समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवांचा. वसंतात त्यांची गर्दी झाली की सगळे आकडे उसळतात आणि काही वेळ मोजणी सोडून द्यावी लागते. शिवाय दोरी प्रवाहाबरोबर डुलते, गोळे मीटर-दोन मीटर सरकतात, म्हणून ध्वनिलहरींनी प्रत्येकाची जागा सतत मोजत राहावी लागते. तरीही फ्रान्समधल्या तुलाँपासून दूर २,४७५ मीटरवर १२ दोऱ्यांची अँटारेस २००८ मध्ये पूर्ण झाली आणि २०२२ च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. ड्युमांडने सोडलेला धागा तिने पुढे नेला. समुद्रात दुर्बीण टिकते आणि तिची दोरी वर काढून दुरुस्तही होते, हे तिने दाखवून दिले.

आता, दिसले काय? आइसक्यूबमधून सेकंदाला अडीच-तीन हजार म्युऑन वरून खाली पडतात, सगळे वातावरणातले. वातावरणातच जन्मलेले न्यूट्रिनो वर्षाला लाखाच्या घरात. यातून अंतराळातले जास्त ऊर्जेचे काही डझन वेचायचे. एक उपाय म्हणजे खालून वर येणारे तेवढे घ्यायचे, पृथ्वीचीच चाळणी करायची. दुसरा म्हणजे बाहेरच्या थरातल्या ग्राहकांना पहारेकरी करायचे आणि ज्याची सुरुवात आतच झाली तोच न्यूट्रिनो धरायचा. या दुसऱ्या उपायाने २०१३ मध्ये २८ घटना जाहीर झाल्या, त्यातल्या दोन प्रत्येकी एक पेटाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरच्या होत्या. इलेक्ट्रॉनव्होल्ट हे कणांच्या ऊर्जेचे एकक, एक पेटा म्हणजे एकावर पंधरा शून्ये, आणि टेरा त्याचा हजारावा भाग.

स्रोत कळायला आणखी वेळ गेला. २२ सप्टेंबर २०१७ रोजी सुमारे २९० टेराइलेक्ट्रॉनव्होल्टचा एक न्यूट्रिनो आला, मिनिटाच्या आत जगभरच्या दुर्बिणींना इशारा गेला, आणि त्या दिशेला टीएक्सएस ०५०६+०५६ हा ब्लेझर (आपल्याकडे झोत रोखलेली दीर्घिका) भडकलेला सापडला. २०२२ मध्ये एनजीसी १०६८ या दीर्घिकेच्या दिशेने ७९ न्यूट्रिनो जास्त असल्याचा पुरावा आला. हे दोन्ही स्रोत खगोलीय विषुववृत्ताजवळ आहेत, आणि दक्षिण ध्रुवावरून विषुववृत्त क्षितिजावर दिसते. हा योगायोग नाही. वरून येणाऱ्यांत म्युऑनचा गोंधळ असतो. सरळ खालून येणारे, ऊर्जा शेकडो टेराच्या पुढे गेली की, पृथ्वीच्या पोटात गिळले जातात. क्षितिजावर म्युऑन अडवण्यापुरता बर्फ असतो, पण न्यूट्रिनो गिळण्याइतका खडक नसतो.

तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. आपल्या आकाशगंगेचे केंद्र दक्षिण आकाशात आहे. दक्षिण ध्रुवावरून ते कायम क्षितिजाच्या वर, म्युऑनच्या पावसात. आइसक्यूबने २०२३ मध्ये आकाशगंगेच्या पट्ट्यातून येणारे न्यूट्रिनो दाखवले खरे, पण त्यासाठी दिशा ढोबळ देणाऱ्या, लांब रेघेऐवजी गोळ्यासारखा उजेड सोडणाऱ्या घटना वापराव्या लागल्या, आणि त्या वेचण्यासाठी यंत्रशिक्षणाची (मशीन लर्निंगची) बरीच मदत घ्यावी लागली. पट्टा दिसला, त्यातले ठिपके नाही दिसले. भूमध्य समुद्रातून तेच केंद्र दिवसाचा बराच काळ पायाखाली असते, आणि पाण्यात दिशा बारीक मिळते. तिथले काम नुसते आइसक्यूबची नक्कल नाही.

भूमध्य समुद्रातल्या या नव्या दुर्बिणीचे नाव केएमथ्रीनेट. तिचे दोन भाग आहेत. सिसिलीजवळ सुमारे साडेतीन किलोमीटर खोलीवर आर्का, आणि तुलाँजवळ, कमी ऊर्जेसाठी, दाट विणीचा ऑर्का. गोळा साधारण १७ इंची, पण आत एका मोठ्या नळीऐवजी तीन इंची ३१ नळ्या. उजेड कुठल्या बाजूने आला हे एकाच गोळ्यावरून कळते, आणि पोटॅशियमचा गोंधळही शेजारच्या नळ्या एकदम वाजल्या का हे पाहून बराच छाटता येतो. दोरी सोडण्याची त्यांची पद्धत मला फार आवडते. अख्खी दोरी गोळ्यांसकट एका गोलाकार सांगाड्यावर लोकरीच्या गुंडीसारखी गुंडाळतात. सांगाडा तळाशी टेकवला की दूरचालित पाणबुडी त्याची केबल जोडपेटीला लावते, विद्युत आणि प्रकाशीय दोन्ही तपासले जातात, आणि मगच कळ सुटते. गुंडी गरगर फिरत उलगडत वर जाते, दोरी ताठ उभी राहते आणि रिकामा सांगाडा पृष्ठभागावर येऊन पुढच्या दोरीसाठी परत मिळतो. दोरी उलगडण्यापूर्वीच जोडणी तपासून घ्यायची, ही खबरदारी ड्युमांडचा इतिहास वाचलेल्या माणसाला लगेच ओळखू येते.

आणि अर्धीमुर्धी असतानाच आर्काने मोठा मासा धरला. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी, फक्त २१ दोऱ्या असताना, जवळजवळ आडवा धावणारा एक म्युऑन दुर्बिणीतून गेला आणि तिच्या एक तृतीयांशाहून जास्त नळ्या एकदम उजळल्या. मूळ न्यूट्रिनोची ऊर्जा सुमारे २२० पेटाइलेक्ट्रॉनव्होल्ट निघाली, तोवर पाहिलेल्या कुठल्याही न्यूट्रिनोहून कितीतरी जास्त. निकाल फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. कितीतरी मोठ्या आइसक्यूबला इतक्या वर्षांत असे एकही का दिसले नाही, यावर जोरात वाद चालू आहे. मला वाटते, एका घटनेवरून फार मोठी इमारत रचू नये. पण तिच्यावर शंका घ्यावी असेही त्या आकड्यांत काही नाही.

मला स्वतःला त्याहून जास्त उत्सुकता वेगळ्याच गोष्टीची आहे. एनजीसी १०६८ चा ठसा आर्काच्या आकड्यांत त्याच जागी, जास्त बारीक होऊन उमटतो का? त्यासाठी आर्काच्या ठरलेल्या २३० दोऱ्यांतल्या बऱ्याचशा खाली जायला हव्यात, आणि त्यांच्या जोडण्या साडेतीन किलोमीटर पाण्याखाली निदान दहा वर्षे आतून कोरड्या राहायला हव्यात.